नववीच्या वर्गातील आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी कोणकोणत्या सवलती आणि विशेष योजना उपलब्ध आहेत, या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आज्ञा आम्ही मान्य केली खरी. परंतु नुसती योजनांची यादीच वाचून दाखवावयाची, तर ती छापून हातोहात वाटता आली असती. त्यासाठी आपणांस या उन्हात मंडपात बसवून ठेवण्याचे कारण नव्हते. तेव्हा यादीपूर्वी एक लहानसा प्रसंग निवेदन करण्याची परवानगी घेतो.

मागील वर्षीच्या याच समारंभात दहावीला नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळविलेल्या मुलांचा सत्कार चालला होता. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, टाळ्या, सारे यथासांग झाले. त्या वेळी मंडपात पाण्याचे पेले घेऊन फिरणारा एक चुणचुणीत मुलगा आमच्याजवळ आला. आम्ही सहज विचारले, "कितवीत आहेस रे बाळ?" तो म्हणाला, "नववीत होतो, गुरुजी." होतो! या एका क्रियापदाने आमच्या हातातील पेला तसाच राहिला. पुढे चौकशी करता कळले की, मुलगा आपल्याच ज्ञातीचा, घाटावरच्या एका खेड्यातला. आठवीपर्यंत गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. नववीसाठी सात किलोमीटरवरचे हायस्कूल गाठावे लागले. गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत तो गडगडला, वर्षअखेर नापास झाला आणि जूनमध्ये शाळेत गेलाच नाही. आता तो वेल्डिंगच्या दुकानात काम शिकतो आणि समाजाचा कार्यक्रम असला म्हणजे हौसेने पाणी वाटावयास येतो. सत्कारार्थी मुलांपैकी एक जण त्याच्या मावशीचा मुलगा होता.

त्या दिवशी आम्ही घरी परतलो ते अस्वस्थ मनाने. आज जे सांगावयाचे आहे, ते त्या अस्वस्थतेतून आलेले आहे.

शिक्षणखात्याचे कायदे आणि योजना एकापुढे एक मांडून पाहिल्या, तर एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. २००९ साली संसदेने जो मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्काचा कायदा केला आणि जो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, तो सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत आहे. दुपारची खिचडी ज्या शालेय पोषण आहार योजनेतून मिळते, तीही आठवीपर्यंतच. सरकारी व अनुदानित शाळांतून मिळणारी मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंतच. आठवीपर्यंत मूल शाळेत आले नाही, तर गुरुजी घरी विचारावयास येतात. त्यांना तशी जबाबदारीच आहे. नववीचा पहिला दिवस उजाडला की, जेवण नाही, पुस्तके नाहीत आणि मूल आले नाही तरी विचारावयास येणारे बहुधा कोणी नाही. मळ्यातील पीक ऐन फुलोऱ्यावर आले असता पाटाचे पाणी बंद व्हावे, तशी ही गत आहे. आपण बागाईत जाणणारी माणसे आहोत. याचा अर्थ आपणांस अधिक फोड करून सांगावयास नको.

बरे, याच वर्षी आणखी एक आघात होतो. हक्काच्या कायद्यान्वये आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात मागे ठेवू नये, अशी तरतूद होती. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्याने २०२३ च्या अखेरीस पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी फेरपरीक्षा यांचा नियम केला. नियम योग्य की अयोग्य, या वादात आम्ही शिरत नाही. परंतु गेल्या कित्येक वर्षांत शेकडो मुले अशी नववीत आली की, ज्यांना आपल्याला भागाकार नीट येत नाही, हे नववीच्या चाचणी परीक्षेतच प्रथम कळले. त्यात हायस्कुलास दहावीच्या शंभर टक्के निकालाचा मोह असतो. निकालाची टक्केवारी वर्तमानपत्रात छापून येते. नववीत किती मुले गळाली, हे कोणी छापत नाही. म्हणून कच्चे मूल नववीतच थांबविले जाते, किंवा "सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस," असा सल्ला त्यास दिला जातो. आमची स्वतःची हयात खडू-फळ्याच्या सहवासात गेली असल्यामुळे हे दोष आम्ही परक्याचे म्हणून सांगत नाही. आम्हीही असा सल्ला एकदोघांस दिलेला आहे आणि त्याची टोचणी अद्यापि आहे.

आता सवलतींकडे वळू. त्यांपैकी एकच योजना आम्ही विस्ताराने सांगणार आहोत, कारण नेमकी या नववीच्या पायरीसाठी म्हणूनच ती निर्माण झाली आणि आपल्या समाजात तिची माहिती सर्वांत कमी आहे, असा आमचा अनुभव आहे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, अर्थात शाळेत ज्यास 'एन.एम.एम.एस.' म्हणतात, ती केंद्र सरकारने २००८ साली सुरू केली. आठवीनंतर गरिबीमुळे होणारी गळती थांबावी, हा तिचा जाहीर हेतू. संपूर्ण देशासाठी दरवर्षी एक लक्ष शिष्यवृत्त्या असून त्यांपैकी ११,६८२ आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याच्या आहेत. आरंभी महिना ५०० रुपये मिळत. २०१७ पासून महिना १,००० रुपये, म्हणजे वर्षास १२,००० रुपये मिळतात, आणि तेही नववी ते बारावी अशी चार वर्षे. एकूण ४८,००० रुपये झाले. आई-वडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लक्ष रुपयांपेक्षा अधिक नसावे. सातवीत मुलास ५५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस ही अट ५० टक्क्यांची आहे. मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या अथवा अनुदानित शाळेत शिकत असावे. नवोदय विद्यालय, केंद्रीय विद्यालय आणि विनाअनुदानित खाजगी शाळा यांतील मुलांस ती नाही. ज्या पालकांनी कर्ज काढून मुलास विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले, त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. प्रतिष्ठेपायी मुलाचा एक हक्क आपण नकळत गमावून बसतो.

परीक्षा दोन पेपरांची असते. एक बौद्धिक क्षमतेचा आणि दुसरा शालेय विषयांचा. प्रत्येकी ९० प्रश्न, प्रत्येकी दीड तास. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन्ही मिळून ४० टक्के गुण हे उत्तीर्णतेचे माप आहे. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग मुलांसाठी ३२ टक्के. परंतु उत्तीर्ण होणे वेगळे आणि निवड होणे वेगळे, कारण जागा मोजक्या आहेत. शालेय विषयांचा अभ्यास मूल वर्गात करतेच. बौद्धिक क्षमतेचे प्रश्न मात्र सरावाशिवाय सुटत नाहीत: संख्यांच्या मालिका, आकृत्यांचे साम्य, सांकेतिक भाषा, दिनदर्शिका, नातेसंबंध. आमच्या पाहण्यात एक मुलगी होती. वर्गात तिचा क्रमांक बारावा-तेरावा असे. परंतु चुलतभावाने दोन महिने रोज संध्याकाळी तिच्याकडून असले पन्नास प्रश्न सोडवून घेतले आणि शाळेतून तिची एकटीची निवड झाली. पहिल्या क्रमांकाचा मुलगा मागे राहिला. तेव्हा केवळ हुशार मुलांनीच या वाटेने जावे, हा समज चुकीचा आहे.

यात खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. या परीक्षेचा अर्ज पालकास परस्पर भरता येत नाही. तो शाळेने, मुख्याध्यापकांनी, संगणकावरून भरावयाचा असतो. शाळेने मनावर घेतले, तर तीस मुले बसतात. नाही घेतले, तर एकही बसत नाही, आणि गावास त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आठवीत मूल असलेल्या प्रत्येक पालकास आमची हात जोडून विनंती आहे. पोळा झाला की शाळेत जावे आणि नम्रपणे एकच प्रश्न विचारावा, "सर, यंदा आपल्या शाळेतून या परीक्षेस किती मुले बसणार?" भांडावयाचे कारण नाही. पालक विचारतात, हे एकदा दिसले म्हणजे पुष्कळ कामे आपोआप होतात.

निवड झाली म्हणजे सुटलो, असेही नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते, आणि दहावीत ६० टक्के मिळाले तरच पुढची दोन वर्षे शिष्यवृत्ती चालू राहते; अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारावर स्पेलिंग दुसरे आणि बँकेत तिसरे, असा त्रिवेणी संगम झाला की, पैसे वर्षानुवर्षे अडकतात. एका निवड झालेल्या मुलाचे वडील आमच्याकडे आले होते. दोन वर्षांत त्यांना एक रुपया मिळाला नव्हता. दोष शोधता असे आढळले की, जन्मतारखेतील महिना आधारावर चुकला होता. दुरुस्तीस दोन फेऱ्या लागल्या, एवढेच; पण ते सांगणारा दोन वर्षे कोणी भेटला नव्हता.

या मुख्य योजनेखेरीज जे आहे, ते थोडक्यात सांगतो. इतर मागास वर्गातील नववी-दहावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची वर्षास ४,००० रुपयांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लक्षांची आहे. आपल्या शाळेस ती लागू आहे किंवा कसे, हे मुख्याध्यापकांस विचारून घ्यावे. ग्रामीण भागातील मुलींस शाळेत जाण्या-येण्यासाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. त्या योजनेस पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव दिलेले आहे. मुलांस पासामध्ये दोन तृतीयांश सवलत असते. मानव विकास कार्यक्रमाखाली आपल्या जिल्ह्यातील निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींस सायकलीसाठी अनुदान मिळते, आणि मुलींसाठी निळ्या रंगाच्या एस.टी. गाड्याही धावतात. सावित्रीबाई फुले यांच्या नावाने मागास प्रवर्गांतील मुलींसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे. यांपैकी एकासाठीही वशिला लागत नाही. लागतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वेळेवर अर्ज. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते आणि तो पुन्हा काढावा लागतो, हे आपण विसरतो. जुलैत सेवा केंद्रावर रांग लागते आणि तोवर अर्जाची तारीख निघून जाते. मे महिन्यात लग्नाच्या पंगती उठल्या की, त्याच आठवड्यात दाखले काढून ठेवावेत.

आपल्या जिल्ह्यात एस.टी.च्या पासाचे महत्त्व किती आहे, हे बाहेरच्यांस कळावयाचे नाही. रेल्वे आहे ती घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूची मुले निदान गाडीची शिटी तरी ऐकतात. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांतून अजून आगगाडी नाही. खामगाव-जालना रेल्वेची चर्चा तर आमच्या आजोबांच्याही कानावर होती आणि आमच्या नातवंडांच्याही कानावर आहे! तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पावसाळ्यात नाल्यास पूर आला की, वाट बंद होते. तेव्हा सकाळची एक गाडी चुकणे याचा अर्थ शाळेचा एक दिवस चुकणे असा आहे, आणि असे तीस-चाळीस दिवस चुकले की, नववीतील गणित हातचे गेलेच. मुलीच्या बाबतीत तर गाडी चुकणे हे शाळा सोडविण्यास पुरेसे कारण मानले जाते. "जाऊ दे, किती शिकवायचे, दोन वर्षांनी उजवायचीच आहे," असे म्हणणारे आपल्या मंडपातही बसलेले असतील. त्यांची नावे आम्ही घेत नाही.

परंतु त्यांना या मातीतीलच एका स्त्रीचे स्मरण देऊ इच्छितो. 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ १८८२ साली लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे या आपल्या बुलढाण्याच्या. त्यांच्या बालपणी येथे मुलींची शाळा नव्हती. वडील बापूजी हरि शिंदे हे सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक विचाराचे होते. त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. शाळाच नव्हती, तेव्हा एका बापाने घराची शाळा केली. आज शाळा आहे, पास आहे, सायकल आहे. उणीव आहे ती कशाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१८८२ हे साल आणखी एका कारणाने आपल्यास वंद्य आहे. आपल्या प्रत्येक स्मरणिकेच्या आरंभी जोतीरावांचे चित्र असते. त्यांनी त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगास आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वांस ठाऊक आहे. शिष्यवृत्तीसंबंधी त्यांनी जे लिहिले, तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, केवळ चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्त्या देण्याची रीत तत्त्वतः न्याय्य दिसली, तरी तिने ज्या वर्गांत विद्या पोहोचलेलीच नाही, तेथे विद्येचा प्रसार होत नाही. म्हणून अशा वर्गांतील मुलांसाठी शिष्यवृत्त्यांची निराळी तजवीज असावी. हे शब्द त्यांनी इंग्रज सरकारास उद्देशून लिहिले. परंतु बंधूंनो, आज ते आपल्या मंडळास जसेच्या तसे लागू पडत नाहीत काय? आपण जो गुणगौरव करतो, तो चढाओढीत पुढे आलेल्यांचाच करतो. ज्यास नव्वद टक्के मिळाले, त्याच्या घरी बहुधा नोकरी आहे, शिकवणी आहे, अभ्यासाची खोली आहे. त्याचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु आपले स्मृतिचिन्ह न मिळाल्यामुळे त्याचे शिक्षण थांबणार नाही. ज्याचे थांबणार आहे, तो मंडपात पाणी वाटीत असतो.

आम्हांस ठाऊक आहे की, यावर काही मंडळी म्हणतील, "हे काम सरकारचे, मंडळाने एवढा व्याप कशास करावा?" त्यांनी थोडा मागील इतिहास आठवावा. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभारली, ती राजसत्तेच्या बळावर असली, तरी ज्ञाती-ज्ञातींच्या पुढाऱ्यांना त्यांनी त्यात ओढले होते. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. खेड्यातील शेतकऱ्याच्या पोरास शहरातील हायस्कुलाची फी भरता आली, तरी रात्री अंग टाकावयास जागा नसते, हे त्यांनी ओळखले. १९५९ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या कारकीर्दीत आर्थिकदृष्ट्या मागास मुलांस फीमाफी मिळाली. तिलाच आपण 'ई.बी.सी.' म्हणून ओळखतो आणि बाराशे रुपयांच्या मर्यादेतील ती सवलत घेऊन शिकलेले वयोवृद्ध सभासद येथे पुढच्या रांगेत बसलेले आहेत. त्यांच्या वेळी फीचा प्रश्न होता. तो आज अनुदानित शाळांत फारसा उरलेला नाही. आजचा प्रश्न सात किलोमीटरांचा आहे, कच्च्या गणिताचा आहे आणि अडकलेल्या कागदांचा आहे. हे तिन्ही प्रश्न असे आहेत की, गावातील एक जाणता मनुष्य जवळ उभा राहिला, तर अर्धे सुटतात. सरकार योजना देऊ शकते; जवळ उभे राहणे हे शेजाऱ्याचे काम आहे.

शाळेने ठरविले म्हणजे काय होऊ शकते, याचे दाखले आपल्या जिल्ह्यास नवे नाहीत. असहकाराच्या काळात खामगावात उभे राहिलेल्या टिळक राष्ट्रीय विद्यालयाने पुस्तकाबरोबर चित्रकलेस आणि हातांच्या कामास मान दिला. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी १९६५ साली विवेकानंद आश्रम स्थापिला आणि त्याच्या आश्रयाने एका लहानशा गावात शिक्षणाचा मोठा पसारा वाढला. ही कामे लोकवर्गणीतून आणि लोकांच्या पाठबळावर झाली. आपण काही आश्रम काढावयास निघालेलो नाही. आपली सूचना फार लहान आहे.

ती अशी की, यंदापासून मंडळाने आठवीत असलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीची गाववार नोंद ठेवावी: नाव, शाळा, नववीसाठी कोठे जाणार, किती अंतर, कोणते दाखले आहेत, कोणते नाहीत. दहावीच्या गुणपत्रिका आपण दरवर्षी जूनमध्ये मागवितो. त्यांच्याआधी ही नोंद मागवावी. परीक्षा बहुधा डिसेंबरात असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आठ-दहा दिवसांचा सरावाचा वर्ग चालवावा. आपल्या ज्ञातीत सेवानिवृत्त शिक्षक थोडे नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या घरी, खरे सांगावयाचे तर, त्यांनी दुपारी थोडे बाहेर जावे असेच सर्वांस वाटत असते! सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी याच दिवसांत येते, ही अडचण आम्ही जाणतो. तेव्हा वर्ग सायंकाळी घ्यावा. मुलास शेतात जाऊनही बसता येईल. नववीत गेल्यावरही गणित-इंग्रजीसाठी आठवड्यातून एक दिवस हाच वर्ग चालू ठेवता आला, तर फार उत्तम.

पैशाविषयीही बोलले पाहिजे. मराठा व कुणबी समाजासाठी राज्य सरकारने स्थापिलेली पुण्याची 'सारथी' संस्था एक चांगली गोष्ट करते. एन.एम.एम.एस. परीक्षेत जी मुले उत्तीर्ण होतात, परंतु जागा अपुऱ्या असल्यामुळे ज्यांची निवड होत नाही, त्यांना ती छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वर्षास ९,६०० रुपये देते. ही कल्पना उचलण्यात आपणांस कमीपणा नाही. आपल्या ज्ञातीतील अशी मुले दरवर्षी जिल्ह्यात फार नसतील. त्या सर्वांस तेवढी रक्कम देणे आज आपल्या आवाक्यात नाही, परंतु एस.टी.चा पास, नववीची पुस्तके आणि वह्या एवढे निश्चित आहे. आजच्या समारंभातील शाली आणि स्मृतिचिन्हे यांवर किती खर्च झाला, हे खजिनदारांनी आम्हांस सांगितले आहे. तो आकडा आम्ही येथे उच्चारीत नाही. वार्षिक जमाखर्च छापलेला आहे, तेथे पाहावा. सत्कार एका पुष्पाने आणि एका चांगल्या पुस्तकानेही होतो. आज ज्यांचा सत्कार झाला, त्या मुलांपैकी तिघांजवळ आम्ही सकाळी हा विषय काढला. तिघेही म्हणाले की, स्मृतिचिन्ह नको होते असे नाही, पण नसते तरी चालले असते. त्यातील एक कन्या तर दिवाळीत वर्ग घ्यावयास तयार आहे.

शेवटी एक शंका राहते. वर्गात फक्त आपल्याच ज्ञातीची मुले घ्यावयाची काय? कार्यकारी मंडळात यावर मतभेद आहेत, ते आम्ही लपवून ठेवीत नाही. काही सभासदांचे म्हणणे असे की, वर्गणी आपली, तर लाभही आपल्यांनाच व्हावा. आमचे मत निराळे आहे. श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, आणि जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद कोणासाठी खुला केला, हे या सभेत सांगावयास नको. आठवीच्या बाकावर आपले मूल ज्याच्या शेजारी बसते, त्यास दिवाळीच्या वर्गाच्या दाराशी अडविणे आमच्या हातून तरी होणार नाही. शिवाय व्यवहार पाहिला, तरी एका गावातून आपली दोनच मुले निघतात. दोघांसाठी वर्ग भरत नाही, वीस जणांसाठी भरतो. निधीतून द्यावयाची मदत मंडळाने हवी तर सभासदांपुरती ठेवावी; वर्ग मात्र सर्वांस मोकळा असावा. सर्वसाधारण सभेत यावर मत घेतले जाईल. आपण विचार करून यावे.

मागील वर्षीच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, असे काहींनी आम्हांस विचारले. आम्ही त्याच्या गावी दोनदा गेलो. वडील म्हणाले, "आता त्याला हातात पैसा दिसू लागला, गुरुजी." पहिल्या खेपेस तो भेटलाच नाही. दुसऱ्या खेपेस दुकानावर भेटला. दहावीस बाहेरून बसण्याचा अर्ज त्याने भरला आहे. गणिताचे पुस्तक मागितले, ते आम्ही पोहोचते केले. उत्तीर्ण होईल किंवा कसे, ते सांगता येत नाही. त्याची धाकटी बहीण यंदा आठवीत आहे.

मंडपाच्या प्रवेशद्वाराजवळ, चपलांच्या डाव्या बाजूस, टेबलावर एक कोरी वही ठेवलेली आहे. जेवणास बसण्यापूर्वी ज्यांच्या घरी, भावकीत अथवा शेजारी आठवीतील मूल असेल, त्यांनी त्याचे नाव, गाव आणि शाळा तीत लिहावी. लिहावयाचे ज्यांना जमत नसेल, त्यांच्यासाठी आजच्या सत्कारार्थी मुली तेथे बसलेल्या आहेत. पहिले नाव त्या धाकट्या बहिणीचे आम्ही सकाळीच लिहून ठेवले आहे.